काचपेटीचे पथ्य

"शनिवारपर्यंत ही टाकी उपसा, नाहीतर मी उपसून टाकेन," सिस्टर समाह म्हणाल्या. "माझ्या विभागात गटार नको."

"गटार नाही, शेवाळ आहे," बहगत म्हणाला.

"तपकिरी झाली तेव्हा म्हणालात, नव्या टाकीला असंच होतं. हिरवी झाली तेव्हाही तेच. आता तर दाढी आलीय तिला. लग्न लावून द्यायचं का तिचं?"

बहगतने काचेवरून बोट फिरवले. बोट हिरवे झाले. ते त्याने अंगरख्याला पुसले नाही, खिशातील चिंधीला पुसले.

समुद्रकाठच्या कुसैर गावातील डायलिसिस केंद्रात ही खाऱ्या पाण्यातील माशांची काचपेटी येऊन पाच आठवडे झाले होते. बंद पडलेल्या एका हॉटेलाने ती देऊन टाकली होती, आणि पाणी कळणारा माणूस केंद्रात एकच असल्यामुळे ती आपोआप बहगतच्या गळ्यात पडली. बावीस वर्षे तो मागच्या खोलीतील शुद्धीकरण यंत्र सांभाळत होता. गावच्या नळाचे पाणी त्यात शिरे आणि इतके शुद्ध होऊन बाहेर पडे, की त्याला स्वतःची म्हणावी अशी चवही उरत नसे. त्याच पाण्याच्या जिवावर अठरा खुर्च्यांवरील अठरा माणसांचे रक्त धुतले जाई. रोज सकाळी ते तपासून तो दारातून सांगे, "पाणी निर्दोष आहे", आणि मगच पहिली सुई टोचली जाई. या तीन शब्दांखेरीज त्याचा आवाज केंद्रात फारसा कोणी ऐकला नव्हता.

म्हणूनच सिस्टर समाह निघाल्या असताना तो पुन्हा बोलला, याचे त्यांना नवल वाटले.

"माशांसाठी नाही म्हणत मी. रय्यिस अव्वादसाठी म्हणतोय."

सिस्टर थांबल्या.

अव्वादने चाळीस वर्षे समुद्रात नाव हाकली होती, म्हणून तो रय्यिस, म्हणजे तांडेल. आता दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची त्याची होती. दीड वर्षापूर्वी मूत्रपिंडे निकामी झाली, त्याच महिन्यात त्याने नाव विकली. आणि तेव्हापासून समुद्र दिसू नये म्हणून तो केंद्रात मागच्या गल्लीने येई. येई तेव्हा. "चार तास भिंत बघत बसण्यापेक्षा एकदाच बुडालेलं बरं," असे म्हणून तो मधूनच दांडी मारी, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा भाचा त्याला सुजलेल्या पायांनी, धापा टाकत आणून सोडी. निघताना परिचारिका म्हणत, "सोमवारी भेटू, रय्यिस", त्यावर त्याचे उत्तर ठरलेले असे: "बघू." काचपेटी प्रतीक्षागृहात काचेच्या आडभिंतीला लावून मांडल्यापासून ती त्याच्या खुर्चीतून दिसत असे. या पाच आठवड्यांत त्याने एकही खेप चुकवली नव्हती.

"शनिवार," सिस्टर एवढेच म्हणाल्या. पण या वेळी आवाज खाली होता.

मंगळवारी बहगतने काचपेटीचे पाणी तपासले. फॉस्फेट असावे त्याच्या दसपट निघाले. उन्हाळ्यात उडून जाणारे पाणी तो आपल्याच यंत्रातून भरत असे. दोष तेथे असेल, तर तो माशांपुरता राहत नव्हता. तोच अठरा माणसांच्या रक्ताशी जाऊन भिडत होता. त्याने यंत्राच्या तोंडाशी पाणी तपासले, टाकीशी तपासले, शेवटच्या खुर्चीच्या नळाशी तपासले. जेवण टाळून हे सारे तीनदा केले. कोठेही काही सापडले नाही. यंत्र निर्दोष होते. याचा अर्थ उघड होता: जे शिरत होते ते पाण्यातून शिरत नव्हते, वरून पडत होते.

बुधवारी सकाळी तो यंत्राच्या खोलीचे दार किलकिले ठेवून आत बसला.

पहिली आली सित्त इन्साफ, म्हणजे इन्साफबाई, नववधूंचे पोशाख शिवणारी. तिने इकडेतिकडे पाहिले, बाहीतून रोटीचा कुस्करा काढला आणि पाण्यात सोडला. "खा रे बाळांनो," ती पुटपुटली. तिच्या मागून निवृत्त पोस्टमन आला. त्याच्याकडे उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक होता. मग एकाने चीज सोडले. शेवटी अव्वादने रुमालाची गाठ सोडली. आत सार्डिनचा तुकडा होता. तासाभरात सात जणांनी तीन माशांना सात न्याहाऱ्या वाढल्या. आपण एकटेच वाढतो आहोत अशी त्यांतल्या प्रत्येकाची समजूत होती. दारी आलेल्याला उपाशी ठेवू नये, हे कुसैरमध्ये कोणाला शिकवावे लागत नाही.

बहगत बाहेर आला.

"पकडलं की इंजिनियरसाहेबांनी!" अव्वाद रुमाल खिशात कोंबत म्हणाला. "एवढासा तुकडा होता. आता काय, तुरुंगात टाकता?"

"आम्हाला अंडं चालत नाही, चीज चालत नाही, केळंसुद्धा चालत नाही," इन्साफ म्हणाली. "पाणीही मोजून पितो आम्ही. म्हटलं, या घरात निदान कोणीतरी पोटभर खावं. यात काय पाप झालं, बहगतकाका?"

लोकांसमोर बोलण्याची बहगतला सवय नव्हती. तो अव्वादकडे वळला.

"रय्यिस, गेल्या महिन्यात तुमचा फॉस्फरस किती आला होता?"

"साडेसात. सिस्टरनं माझी शंभर माणसांत शोभा केली."

"आणि खाज?"

"विचारू नका. बायको म्हणते, तुमच्याऐवजी किसणी घरात आणली असती तर बरं होतं."

"या टाकीला तेच झालंय," बहगत म्हणाला. "तुम्ही देता त्यातलं मासे थोडंच खातात. बाकीचं तळाशी कुजतं, त्याचा फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि त्यावर हे शेवाळ माजतं. टाकी नवी आहे. तिच्या दगडांत, वाळूत घाण पचवणारे जीव अजून पुरते रुजलेले नाहीत. म्हणजे असं समजा, की तिला अजून किडनीच नाही."

जे समजायला वैद्यकाच्या विद्यार्थ्याला वर्ष लागले असते, ते या सात जणांना एका वाक्यात समजले.

"या रब्बी, देवा रे," इन्साफ म्हणाली. "म्हणजे माझ्या रोटीनं..."

"एकट्या तुझ्या रोटीनं नाही गं, माझंही अंडं आहे त्यात," पोस्टमन म्हणाला.

"मग बसलात काय? पथ्य लावा तिला!" अव्वाद खुर्चीच्या दांड्यावर हात आपटून म्हणाला. "दीड वर्ष मला लावलंय. आता जरा तिलाही कळू दे."

सगळे हसले. माशांच्या खाण्याचा डबा आणि चमचा इन्साफच्या स्वाधीन झाला: दिवसाला चिमूट एक, तीही सर्वांसमक्ष. ती नसेल त्या दिवशी ते काम बहगतचे. दिवा बारा तासांऐवजी सहाच तास लावायचे ठरले. बहगतने बाह्या वर सारून दगडांवरचे हिरवे तंतू मुठीमुठीने उपटायला घेतले. अव्वाद जवळ येऊन पाहत राहिला.

"गोगलगायी सोडल्या नाहीत वाटतं?"

"हॉटेलवाल्यांनी दिल्या नाहीत."

"धक्क्याखालच्या खडकांवर असतात. एवढ्या एवढ्या. खडक चाटून आरशासारखा करतात."

"आणणार कोण, रय्यिस?"

तेवढ्यात अव्वादचे नाव पुकारले गेले.

शनिवारी सिस्टर समाह दोन सफाई कामगार आणि रबरी नळी घेऊन काचपेटीपाशी उभ्या होत्या. शेवाळ निम्म्याने उतरले होते. पण काच अजून हिरवीच होती, आणि निम्म्या गोष्टी सिस्टरांना मान्य नसत.

तेव्हा अव्वाद आला. पाळीच्या एक तास आधी. समोरच्या दाराने, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्याने. विजार गुडघ्यापर्यंत ओली होती आणि वाळलेल्या भागावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. उजव्या हातात बादली होती. डाव्या हाताला, ज्यात सुया टोचत त्या हाताला, कोपराच्या वरपर्यंत प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली होती.

"पाण्यात गेला होतात?" सिस्टर कडाडल्या.

"गुडघाभर. आणि हा हात समुद्राला दाखवलासुद्धा नाही. बघा हवं तर."

सिस्टरांनी पिशवी सोडली, मनगटाच्या वर दोन बोटे ठेवली आणि सुयांसाठी जोडून घेतलेल्या शिरेची कातडीखालची थरथर काही क्षण तपासली. मग बादलीत डोकावून पाहिले. अकरा गोगलगायी होत्या.

"तुमचं मशीन चालतं तेवढे चार तास," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मी ठरवणार." कामगारांना त्यांनी जिना पुसायला पिटाळले.

बहगतने बादलीत काचपेटीचे पाणी थोडे थोडे मिसळत तास घालवला, आणि मग एकेक गोगलगाय तळाशी ठेवली. दहा जणी दगडांत शिरल्या. एक काचेवर चढू लागली.

चार तासांनी सिस्टर आल्या. हिरव्या काचेवर तळापासून मध्यापर्यंत बोटभर रुंदीची स्वच्छ वाट उमटली होती. थोडी वाकडी, पण अखंड. तिच्यातून पलीकडची दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची स्पष्ट दिसत होती. सिस्टरांनी ती वाट पाहिली, रबरी नळी उचलली, गुंडाळली आणि काखेत घेऊन निघून गेल्या.

अव्वाद हातावरची पट्टी दाबून धरीत उठला. बाहेर येऊन काचेपाशी वाकला आणि ती वाट नजरेने वरपर्यंत मोजली.

"हळू चालते," तो म्हणाला. "या कोपऱ्यापर्यंत पोचायला हिला सोमवार उजाडेल. बहगत, मी येईपर्यंत ही काच पुसायची नाही. कळलं?"

"कळलं, रय्यिस."

अव्वादने रिकामी बादली घेतली आणि समोरच्या दाराने बाहेर पडला.