खडूतलं जहाज

मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. तो कुठं लिहून ठेवलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता: खडूत राहून बघितल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही. कुणाचं स्वयंपाकघर करायचं असलं, की आधी ते वर्कशॉपच्या फरशीवर खऱ्या मापात आखलं जायचं. मग गिऱ्हाइकाला त्यात उभं करून मिस्त्री म्हणायचे, "हं, करा चहा." गिऱ्हाईक आधी लाजायचं. मग हवेतलं पातेलं हवेतल्या शेगडीवर ठेवायचं, साखरेसाठी वळायचं आणि तिथंच थबकायचं. "अहो, हे दार उघडं असलं तर मी जाणार कुठून?" मिस्त्री खूश. कागदावर दार कधीच आडवं येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे सुट्टीत जहाजाच्या सफरीला जायचं ठरून घरचं गाडं दोन जहाजांमध्ये अडलं, तेव्हा ती दोन्ही फरशीवर येणार हे उघडच होतं.

जहाजांची नावं लांबलचक होती, म्हणून घरात रंगावरून चालायचं. पांढऱ्यावर धमाल होती: पार वरच्या मजल्यावरून गोल गोल खाली येणाऱ्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, बर्फाचं मैदान. खोल्या मात्र काडेपेटीसारख्या. निळ्यावर वाचनालय होतं, शांत बैठका होत्या आणि चाकाची खुर्ची गोल फिरेल अशा ऐसपैस खोल्या. मिस्त्रींची नात पांढऱ्यासाठी वेडी झाली होती. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी असल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं.

पण खरा प्रश्न होता मिस्त्रीणबाईंचा. मोठ्या आजारपणात त्यांच्या डाव्या पायातलं बळ गेलं होतं. ते पुष्कळसं परत आलं, पुरतं नाही. तेव्हापासून हातात वॉकर आला आणि तोंडात एक वाक्य: "तुम्ही जा, मी राहते." लग्नाला तेच, बागेला तेच, समोरच्या घरी चहाला बोलावलं तरी तेच. आपल्यामुळे कुणी अडलं, कुणी मन मारलं, की त्यांना घास गोड लागत नसे. जहाजाला मात्र त्या एका संध्याकाळी अचानक "बरं, येते" म्हणून गेल्या. मिस्त्रींनी तो होकार काचेच्या भांड्यासारखा जपला होता. तो फुटला तर दुसरा मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, आणि बायको नसेल तर ते स्वतः धक्क्यापर्यंतही जाणार नव्हते.

तिच्यासाठी त्यांनी जमेल ते सगळं केलं होतं. घरातली वाट मोकळी केली. मधलं टेबल, बुटकं कपाट, खिडकीजवळचा बाक, सगळं उचलून वर्कशॉपमध्ये आणून ठेवलं. वॉकर आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बिनअडथळा फिरत असे. शेजारीपाजारी म्हणत, "घर किती मोठं वाटायला लागलं हो!" मिस्त्रींची छाती फुगायची.

कामाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी वर्कशॉपचं शटर अर्धं वर गेलं. सुनेच्या फोनमध्ये दोन्ही खोल्यांचे नकाशे होते. बुकिंगवाल्या बाईंनी ते मागितल्या मागितल्या पाठवले होते, फक्त "कशाला हवेत?" असं विचारलं होतं. सून मापं वाचत होती, मुलगा दोरीला खडू लावून रेघा मारत होता आणि मिस्त्री गुण्या घेऊन कोपरे तपासत होते.

"बाबा, जहाजाचे कोपरे काटकोनात नसले तरी बुडत नाही ते," मुलगा म्हणाला.

"बुडत नसेल. पण कपाट बसत नाही."

पलंगांच्या जागी प्लायवूडचे ढीग लागले. निळ्याची खोली तयार झाली तेव्हा सगळे कौतुकाने मागं सरकले. खरंच, काय जागा होती! मधोमध तर लग्नाची पंगतच बसली असती.

"या आई," सून म्हणाली. "तुमचीच खोली समजा."

मिस्त्रीणबाई वॉकर पुढं टाकत आत आल्या. मधल्या मोकळ्या जागेत त्या जरा थांबल्या. दोन्ही हातांची पकड घट्ट झाली. मग हळूहळू बाथरूमपर्यंत जाऊन, वळून परत आल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

हे "छान आहे" मिस्त्रींच्या ओळखीचं होतं. नणंदेने आणलेल्या साडीला याच आवाजात छान म्हटलं गेलं होतं आणि ती साडी पुन्हा कुणी पाहिली नाही.

"मग काय, निळंच!" मुलगा जरा जास्तच मोठ्याने म्हणाला. "शांतता पाहिजे बाबा माणसाला. मला तर घसरगुंडी म्हटलं की चक्कर येते."

"मलाही वाचायचंच आहे," सून म्हणाली. लग्न झाल्यापासून तिच्या हातात मासिकसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं.

"आणि तू गं?" मिस्त्रीणबाईंनी नातीला विचारलं.

भिंगरी चक्क स्थिर उभी होती. "मला पण वाचनालय खूप आवडतं," ती पाठ केल्यासारखं म्हणाली आणि आईकडे बघून तिने हळूच विचारलं, "बरोबर?"

मिस्त्रीणबाईंनी एकेकाकडे बघितलं. मग वॉकर दाराकडे वळवला.

"तुम्ही जा सगळे," त्या म्हणाल्या. "त्या पांढऱ्यावरच जा. मी राहते."

"आई, अहो—"

"रागावले नाहीये गं. तुम्ही सगळी मन मारून माझ्याभोवती बसणार, आणि मी समुद्र बघणार होय? त्यापेक्षा घरी बरी."

मिस्त्रींच्या हातातला गुण्या खाली गेला. फुटलं भांडं. निळ्यावर गेलं तर ती येणार नाही आणि पांढऱ्यात ती मावणार नाही. त्यांनी उभ्या आयुष्यात वाकड्या भिंती सरळ दाखवल्या होत्या, पण याला काय करणार?

काही सुचेना की माणूस आपल्या धंद्यावर येतो. "पांढरं आख," ते मुलाला म्हणाले.

"बाबा, कशाला? मापं बघितलीत ना? वॉकर जाणारच नाही."

"न राहता कसं कळलं तुला?"

"आकड्यांवरून!"

"आकड्यांवरून गिऱ्हाइकाला हो म्हणायचं असतं. नाही म्हणायचं नसतं. आख."

भिंगरीने तोवर खडू पळवला होता. पहिली रेघ तिनेच मारली, ती इतकी वाकडी की मिस्त्रींनी डोळे मिटले. मग कामाला रंग चढला. या खोलीत सामान दाटीवाटीने होतं, म्हणून नुसत्या प्लायवूडवर भागेना. मुलाने घरून आणलेलं बुटकं कपाट ढकलत आणलं. ते मापात चपखल बसलं. टेबल पलंगाच्या पायथ्याशी गेलं. बाथरूमच्या दाराला रिकामी चौकट उभी करून मुलाने मागून दोन ठोकळे ठोकले.

मिस्त्री वाकून बघत होते. "पलंग आणि कपाट यांच्यामध्ये वॉकर अडकणार. थोडक्यात. कपाटाची कडा रंध्याने जरा उतरवली तर..." आणि त्यांनी सरळ सुनेच्या हातातून फोन घेऊन बुकिंगवाल्या बाईंना स्पीकरवर लावला. "ताई, नमस्कार. त्या पांढऱ्याच्या खोलीतलं कपाट लाकडाचं आहे की पत्र्याचं?"

पलीकडून नुसतं "आँ?" आलं.

"नाही म्हणजे, कडा थोडी तासून घेतली तर आमचं काम होतंय. तुम्हाला काही तोशीस नाही. हत्यारं आम्ही आमची आणू."

"काका," त्या बाई जपून म्हणाल्या, "जहाजावर करवत नेता येत नाही."

"करवत कोण म्हणतंय? रंधा!"

सुनेने तोंडात पदर कोंबला. मुलगा टेबलावर डोकं टेकवून हसत होता. "बाबा, उद्या म्हणाल कप्तानाचं सुकाणू गिरमिटाने भोक पाडून घट्ट करून देतो!"

"सैल असेल तर देईन की," मिस्त्री म्हणाले आणि फोनवर पुन्हा विचारू लागले, "बरं, निदान कपाट सरकतं का?"

"नाही हो काका, जमिनीला पक्कं केलेलं असतं. सगळंच. जहाज हलतं ना."

"स्क्रूने की बोल्टने?"

मुलगा मध्ये पडला, सून मध्ये पडली. पलंग उभा लावला तर? आडवा लावला तर? तिघंही टेप ओढून भांडू लागले. मिस्त्री म्हणत होते पलंग सरकव, मुलगा म्हणत होता तोही बोल्टचाच असणार, सून म्हणत होती आधी मला बोलू द्या. तेवढ्यात भिंगरीचा आवाज आला.

"आजी कुठंय?"

सगळे वळले. वॉकर खोलीच्या तोंडाशी, पलंग आणि कपाटाच्या फटीत अडकून उभा होता. एकटाच.

मिस्त्रीणबाई पार पलीकडे, बाथरूमच्या चौकटीत होत्या.

"ओरडू नका," त्या म्हणाल्या. "दचकायला होतं."

मग त्या परत निघाल्या. उजवा हात चौकटीवरून सुटला तो टेबलाच्या कडेवर आला. तिथून डावा हात पलंगावर. पाय जरा ओढला, पण हात आधीच कपाटाच्या कोपऱ्यावर पोचला होता. जिथं हात जाईल तिथं काहीतरी होतंच. कपाटापाशी येऊन त्या थांबल्या, दम लागलेला, गाल लाल, आणि कपाट दोनदा थोपटलं.

"इथं धरायला आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" मुलाने विचारलं.

"त्या निळ्यात मधे आलं की धरायला काही नाही. घरात तसंच. चहूकडे नुसतं मैदान, आणि मी आपली ते लोखंड धरून मधोमध उभी." त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "अहो, इतक्या मायेने केलंत, कशी बोलणार होते?"

मिस्त्री फरशीकडे बघत राहिले. लोकांना खडूच्या स्वयंपाकघरात उभं करणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात बायकोला "हं, चाल" म्हणून एकदाही उभं केलं नव्हतं. जागा मोकळी ती चांगली, असं धरूनच चालले होते. त्यांना लाज वाटायला हवी होती, पण बायको समोर दोन पायांवर उभी होती आणि त्यांना हसूच यायला लागलं. थांबेना.

"हसताय काय? ते टेबल उद्या घरी आलं पाहिजे. आणि बाक."

"आत्ता नेतो."

"आत्ता नको, आत्ता मी जहाजावर आहे."

"पण आई," सून म्हणाली, "समुद्रात हललं तर?"

"हललं तर काय? ती बाई आत्ता फोनवर सांगत होती ना, सगळं जमिनीला पक्कं आहे म्हणून. तुमचं भांडण चाललं होतं, मी ऐकत होते. त्या निळ्यात हललं ना, तर मी एका दारातून निघून दुसऱ्या दारातून पाण्यात."

"आणि बाहेर फिरायला?" मुलगा म्हणाला.

"बाहेर ते लोखंड आहे, तू आहेस. आणि खरं सांग, तुला घसरगुंडीने चक्कर येते?"

मुलगा कान खाजवू लागला. "मला त्या सगळ्यात उंच घसरगुंडीवर जायचंय," तो शेवटी म्हणाला.

भिंगरी तोवर पलंगावर, कपाटावर आणि पुन्हा पलंगावर अशी तीनदा जाऊन आली होती. "पांढरं! पांढरं! पांढरं!" तिला वर्कशॉप अपुरं पडू लागलं, तशी ती शटरखालून बाहेर पळाली आणि शेजारच्या टायरवाल्याला सांगून आली.

मिस्त्रीणबाई प्लायवूडच्या पलंगावर बसल्या. मग पाय वर घेऊन चक्क आडव्या झाल्या आणि एका हाताने नवऱ्याला शेजारची जागा दाखवली. मिस्त्री आजूबाजूला बघत अवघडून बसले.

तेवढ्यात टेबलावर पडलेल्या फोनमधून बारीक आवाज आला. कुणी तो बंदच केला नव्हता.

"काका? मी अजून आहे. पांढरंच ना मग? खोली खिडकीची देऊ की बिनखिडकीची?"

मिस्त्रींनी बायकोकडे बघितलं. त्यांचं उत्तर तोंडात तयार होतं, पण त्यांनी फोन उचलून तिच्यापुढे धरला.

"खिडकीची," मिस्त्रीणबाई छताच्या पत्र्याकडे बघत म्हणाल्या. "आणि खिडकीकडची बाजू माझी. यांना दाराकडे झोपू दे."