पेन्सिलीत लिहिलेला चाळिसावा पत्ता

माझ्याकडे पाहून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुना पत्ता आहे, हे खरे. माझा एक कोपरा दुमडलेला आहे आणि मधोमध इतकी खाडाखोड झाली आहे की उजेडासमोर धरलेत तर पलीकडची खिडकी दिसेल. पण मी राजा-राणीच्या जोडातला साधा पत्ता नव्हे. माझ्यासारखा पत्ता आधी कुणी पाहिलाच नव्हता. याचा मला गर्व आहे आणि तो मी मुळीच लपवणार नाही.

मला घडवले वहिनीने. ती कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर काम करायची. तिचा नवरा छापखान्यात मशीन चालवायचा. रविवारी दुपारी जेवणाची भांडी आवरली की घरातल्या टेबलाभोवती चौघे बसत. वहिनी, तिचा नवरा, वायरमन असलेला धाकटा दीर आणि इस्पितळात नर्स असलेली थोरली नणंद. नणंदेला सगळे ताई म्हणत. हे चौघे जादूगारांचा आणि ड्रॅगनांचा पत्त्यांचा खेळ खेळत. विकतचे पत्ते खेळून कंटाळा आला, तेव्हा त्यांनी स्वतःचेच पत्ते बनवायला घेतले. चाळीस पत्त्यांचा संच करायचा आणि नवऱ्याने तो छापून आणायचा, असे ठरले.

माझा जन्म झाला तेव्हा एकोणचाळीस पत्ते पक्के झाले होते. ते सगळे वहिनीने कापले होते, नाणे ठेवून त्यांचे कोपरे गोल केले होते. पण त्यातली एकही कल्पना तिची नव्हती. "वहिनीचा हात काय सरळ चालतो!" असे सगळे कौतुकाने म्हणत आणि कात्री तिच्यापुढे सरकवत. आता जागा एकच उरली होती. ती वहिनीला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. आणि ती दिरालाही हवी होती. नऊ चिलखतांचा त्याचा एक ड्रॅगन संचात आधीच मिरवत होता. त्याला तिथे दुसरा ड्रॅगन बसवायचा होता.

छापखान्यातून आलेल्या जाड कागदाच्या शेवटच्या पट्टीतून वहिनीने मला कापले. माझ्यावर तिने हातात सुई धरलेली एक म्हातारी काढली आणि तिचे नाव ठेवले 'उसवणारी'. खाली पेन्सिलीने लिहिले, 'किंमत दोन मेणबत्त्या. ही मैदानात असताना समोरच्याचे सगळे चिलखत उसवा.' त्या खेळात पत्ता उतरवायचा तर मेणबत्त्या खर्चाव्या लागत आणि समोरच्याचा किल्ला घेतला की डाव जिंकला. त्या म्हातारीची बोटे हुबेहूब वहिनीची होती, पण हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आले नाही.

मित्रांनो, त्या घराचा एक नियम होता. नवा पत्ता पेन्सिलीतच राहायचा. तो घालून दोघादोघांत सात डाव खेळायचे. प्रत्येक डावात जो हरेल त्याच्या हाती खोडरबर. त्याने पत्त्यावरचा एकच शब्द खोडायचा आणि त्या जागेत मावेल ते लिहायचे. सात डावांनंतर चौघेही हो म्हणाले, तरच शाई.

पहिल्याच डावात मी मैदानात उतरलो आणि दिराच्या ड्रॅगनची नऊच्या नऊ चिलखते एका फटक्यात गळून पडली. दिराच्या तोंडचे पाणी पळाले. मला तर आभाळ ठेंगणे झाले! त्याने खोडरबर उचलला आणि 'सगळे'च्या जागी 'अर्धे' लिहिले. वहिनीचे तोंड उतरले. दुसऱ्या डावात ताई हरली. तिने 'दोन' खोडून 'चार' केले. तिसऱ्या डावात नवरा हरला आणि खोडरबर बाजूला ठेवून मिशीतल्या मिशीत हसू लागला.

"अहो, खोडा ना," वहिनी म्हणाली.

"राहू दे गं. छान आहे तुझा पत्ता."

"छान आहे ते मला कळतंय. खटकलं काय ते सांगा. लाड नकोत माझे."

मग त्याने मुकाट्याने माझे नाव जरा ठळक केले आणि पुन्हा ओरडा खाल्ला.

चौथा, पाचवा आणि सहावा, तिन्ही डाव दीर हरला. चौथ्यात त्याने 'चार'चे 'पाच' केले, पाचव्यात 'सहा'. सहाव्यात तर कहरच केला. 'चिलखत' खोडले आणि तिथे लिहिले 'बटण'. आता माझ्यावर काय उरले? 'समोरच्याचे अर्धे बटण उसवा.' नवऱ्याला हसू आवरेना. वहिनी हसली नाही. मीही नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लाजिरवाणा क्षण होता.

ताईला मात्र शंका आली. इस्पितळात गोळी जिभेखाली लपवणारे रुग्ण तिने खूप पाहिले होते. तिने दिराच्या हातातले उरलेले पत्ते काढून टेबलावर पसरले. त्यात वीज पाडणारा जादूगार होता. तो टाकला असता, तर दीर केव्हाच जिंकला असता.

"हातात हा असताना हरलास?" ताईने विचारले.

दिराचे कान लाल झाले. "मुद्दाम हरलो," तो म्हणाला. "खोडरबर मिळतो ना हरलं की. हा पत्ता बिघडला की ती जागा माझ्या दुसऱ्या ड्रॅगनला मिळाली असती."

नियम करताना हे कुणाच्याच डोक्यात आले नव्हते. कुणी हरण्यासाठी खेळेल, असे त्या घरात वाटलेच नव्हते. ताई भडकली. "याचे तिन्ही बदल रद्द," ती म्हणाली.

"नको, ताई," वहिनी म्हणाली. "किमतीचे आकडे रद्द करा. 'बटण' असू दे. एक डाव बाकी आहे."

सातव्या डावात वहिनी मला घेऊन ताईसमोर बसली. अर्धे बटण उसवून कुणाचे काय बिघडणार? ती हरली, सपशेल हरली. खोडरबर पहिल्यांदाच तिच्या हातात आला. आता ती 'चिलखत' पुन्हा लिहिणार, अशी सगळ्यांची खात्री होती. माझीही होती. पण तिने 'अर्धे' हा शब्द खोडला. तिचा हात इतका हलका होता की मला काही लागलेच नाही. त्या जागेत बारीक अक्षरांत तिने लिहिले, 'दर खेळीला एक'.

"दर खेळीला एक बटण," तिने वाचून दाखवले. "एक बटण म्हणजे एक चिलखत. शिवण ओढून काढली तर कापड फाटतं, भाऊजी. एकेक टाका उसवायचा. म्हणजे समोरच्यालाही हातपाय हलवायला वेळ मिळतो. पहिल्यांदा मी सगळं ओढून काढलं होतं. ते चुकलंच होतं माझं. तुमचं 'बटण' बरोबर निघालं."

दिराने मान खाली घातली. मग म्हणाला, "वहिनी, आठवा डाव खेळू. मी ड्रॅगन घेतो. या वेळी खरा खेळतो."

तो डाव मी कधी विसरणार नाही. दर खेळीला ड्रॅगनचे एकेक चिलखत निघत गेले. नऊ, आठ, सात. दीर खुर्चीच्या टोकावर आला. त्याने जादूगार वापरला, पूल पाडला, होत्या नव्हत्या त्या मेणबत्त्या जाळल्या. ड्रॅगनकडे एकच चिलखत उरले असताना त्याने वहिनीचा किल्ला जिंकला. अवघ्या एका खेळीच्या फरकाने! मी हरलो, मित्रांनो, आणि तरीही टेबलावर ताठ पडून राहिलो.

"जिंकलो, पण घाम फुटला," दीर म्हणाला. तो उठला, कपाटातून शाईचे पेन आणले आणि वहिनीसमोर धरले. "चाळिसावा हाच. माझं हो आहे."

ताईने हो म्हटले. नवऱ्याने तर दोन वेळा म्हटले. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिने ते पुसलेही नाही. "आधी मशीनसाठी नव्या कागदावर नीट उतरवते," एवढेच ती म्हणाली.

मग माझ्यावरून नवा, स्वच्छ पत्ता तयार झाला आणि त्याचे छापील भाऊबंद निघाले. मी पडलो मागे. माझ्यासारख्या झिजलेल्या पत्त्याला डावात घेता येत नाही, कारण मी कुणाच्या हातात आहे ते पाठीवरूनच ओळखू येते. काही महिने तर मी त्याच टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली होतो. कोपरा दुमडला तो तिथेच. वर माझेच नाव घेऊन डाव रंगायचे आणि खाली मी धूळ खायचो. वाईट वाटायचे, खोटे कशाला बोलू?

एके दिवशी दिराकडे एक पाहुणा खेळायला आला. उसवणारीने त्याचा किल्ला घेतला तेव्हा त्याने विचारले, "हा पत्ता कुणाच्या डोक्यातून निघाला?" दीर खाली वाकला, त्याने पायाखालून मला ओढून काढले, बाहीने पुसले आणि पाहुण्याच्या हातात दिले. "आमच्या वहिनीच्या," तो म्हणाला. "बघ, किती वेळा खोडलंय. आणि हे 'बटण' आहे ना, ते मी मत्सरानं लिहिलं होतं. तिनं तेही वाया जाऊ दिलं नाही."

त्या दिवसापासून मी पारदर्शक पाकिटात, संचाच्या डब्यात सगळ्यांत वर असतो. मित्रांनो, तुमच्याही वहीत, खणात, पुठ्ठ्याखाली खाडाखोडीचे असे कागद असतील. नीट उतरवून झाले म्हणून ते चुरगाळून टाकू नका. आणि दुसऱ्याच्या कागदावर खोडरबर फिरवाल तेव्हा हात हलका ठेवा. त्या कागदावर कुणाचा तरी जीव जडलेला असतो.