दुखलं तरी उघड

चर्चच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर गुडघाभर बर्फ, आत कॉफी, दालचिनीचे बन आणि रागनवाल्ड. जखडलेले जबडे हा माणूस म्हणे नुसत्या अंगठ्यांनी मोकळे करायचा, आणि पुरावा म्हणून वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर पट्टीने मोजून फळ्यावर लिहायचा. फळ्यावर आकडा दिसला की आमचं गाव मान डोलावतं.

माझी नणंद सिगब्रिट खुर्चीत बसली. नाताळपासून तिचा जबडा आखडला होता, आत सूजही होती. गुरुवारी उमिओ शहराच्या इस्पितळात तपासणी ठरली होती.

"तोंड उघड, दुखायला लागलं की थांब," रागनवाल्ड म्हणाला. सव्वीस मिलिमीटर. मग त्याने तिचे गाल चोळले, डोळे मिटून काहीबाही पुटपुटला. "आता दुखलं तरी उघड, जमेल तेवढं." पस्तीस.

टाळ्या पडल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला," म्हणत त्याने पट्टी नाचवली.

"वहिनी, गुरुवारी मी कुठे जात नाही," सिगब्रिट म्हणाली.

तीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यात अशीच पट्टी धरली आहे. एकच तोंड दोनदा मोजलं तर माझाही आकडा दोन-तीन मिलिमीटर हलतो. नऊ नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी उठले. "पट्टी दे रे इकडे. सिगब्रिट, तोंड उघड, दुखायला लागलं की थांब."

सव्वीस.

"तुझ्या संशयाने गुण उतरला," रागनवाल्ड म्हणाला.

"बरं, मग तुझा हातच न लागलेला माणूस घेऊ."

रांगेतल्या एवाल्डला मी रागनवाल्डचीच दोन्ही वाक्यं एकामागून एक ऐकवली. मला हवा तोच आकडा मला दिसू नये म्हणून पट्टी पाद्रीबाईंना वाचायला दिली. एकतीस. एकोणचाळीस.

"तुला कोणी बरं केलं रे?"

"कोणीच नाही. मी तर आत्ताच आलोय."

मागे कोणीतरी हसलं. रागनवाल्ड फळा पुसायला लागला.

सिगब्रिट दोन दिवस माझ्यावर धुसफुसत होती. गुरुवारी मात्र उमिओला जायला गाडीत बसली. तपासणीत जबड्यामागे वाटाण्याएवढी गाठ निघाली. उन्हाळ्यापर्यंत थांबला असतात तर गाठीबरोबर जबडाही काढावा लागला असता, डॉक्टर म्हणाले.

म्हणून सांगते, कोणी 'आधी' आणि 'नंतर'चा आकडा दाखवला, तर दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगून मोजलं का, एवढं विचारा. सिगब्रिट सगळ्यांना विचारते. आता मलाही.