डॉक्टराक म्हायत नाय

डॉक्टर कॉनरॅडनी संमतीपत्राचं चौथं पान उलटलं आणि बोट पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं. या ओळीवर आतापर्यंत अकरा जण उठून गेले होते.

"गंगारामकाका, परवा ज्या नळीमुळे अटॅक आला, ती आम्ही फुगा घालून उघडली. राहिल्या दोन. त्या अर्ध्या बंद आहेत. त्याही उघडाव्यात की नुसत्या गोळ्यांवर ठेवाव्यात, हे तुमच्या वयाच्या माणसांत अजून पक्कं ठरलेलं नाही. एका मोठ्या अभ्यासात सगळ्या नळ्या उघडल्याचा फायदा दिसला, दुसऱ्यात फरकच दिसला नाही. म्हणून हा अभ्यास. तुम्ही हो म्हणालात तर कुठल्या गटात जायचं ते मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. कॉम्प्युटर ठरवेल."

पाढे म्हणावेत तसं ते बोलत होते. सकाळपासून अंगावर शिशाचा एप्रन घालून दोन अँजिओप्लास्टी झाल्या होत्या आणि कंबर कामातून गेली होती. पुढे काय होणार हेही त्यांना पाठ होतं. कसालच्या या हॉस्पिटलात अकराही जणांनी एकच उत्तर दिलं होतं: डॉक्टराकच म्हायत नाय, मगे आमी हंय इलंव कित्याक? त्यातले काही तडक गोव्याला गेले. तिथे त्यांना सगळं माहीत असल्याचं सांगणारे डॉक्टर लगेच भेटले.

फॉर्मच्या शेवटी एक चौकोन होता, 'रुग्णाला काय समजलं, त्याच्याच शब्दांत'. सिस्टर सावित्री पेन घेऊन तिथवर पोचायची वाट बघत उभी होती. अकरा वेळा तो चौकोन रिकामा राहिला होता.

गंगाराम अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रेडी बंदरावर तीस वर्षं मुकादमी केलेली, त्यामुळे पलंगावर बसले तरी ताठ बसलेले. शेजारी बायको जानकी मांडीवर पिशवी आणि पिशवीवर मोबाइल घेऊन. मुंबईहून मुलाचा, विनीतचा, सकाळपासून तीनदा फोन येऊन गेला होता. काय त्या सगळ्या नळ्या एकदम उघडून घ्या, उगाच ताटकळत बसू नका.

"म्हंजे कौल," गंगाराम म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली.

"आमी देवाक कौल लावतंव, तसो. पाकळी मूर्तीक चिकटवची आनी बघीत बसाचा, उजवी पडता काय डावी."

"तसंच काहीसं. पण काका, इथे डॉक्टरांनाच माहीत नाही म्हणून..."

"म्हायत आसता तर कौल कोण लावता? ज्या म्हायत आसा, ता देवाक कोण इचारणत नाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हेच सांगायला ते मोठ्या सभांतून पडद्यावर आकडे दाखवत तास तास बोलले होते. इथे हॉस्पिटलचा ढगळ सदरा घातलेल्या माणसाने दोन वाक्यांत उरकलं. त्यांना बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

जानकीचं मात्र समाधान झालं नव्हतं.

"डॉक्टरांनू, तुमच्या बापाशीक असा झाला असता तर तुमी काय केला असतास?"

हा प्रश्न रोजचा. त्याचं उत्तरही तयार असे, प्रत्येक पेशंट वेगळा असतो वगैरे. आज ते तोंडातून निघेना.

"झालं होतं," ते म्हणाले. "गेल्या वर्षी. एक्क्याऐंशीचे होते. तेव्हा मी कुणाला विचारत बसलो नाही. माझी खात्री होती. तिन्ही नळ्या एका बैठकीत उघडायला लावल्या."

"मगे?"

"नळ्या छान उघडल्या. नळ्या दिसण्यासाठी जे औषध सोडतात, ते जास्त गेलं आणि किडन्या बसल्या. नवव्या दिवशी गेले."

डॉक्टरांचे वडील, लिनो मास्तर, गेले हे सावित्रीला ठाऊक होतं, ती मातीलाही गेली होती. हे मात्र ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने उगाचच फाइल सरळ केली.

"म्हणून गोळ्याच बऱ्या असंही नाही," डॉक्टर घाईने म्हणाले. "दुसरा कुणी त्याच उपायाने वाचलाही असता. मला खरंच माहीत नाही, काका."

जानकीने नवऱ्याकडे बघितलं. "विनीतक काय सांगू?"

"सांग, बापाशीन कौल लावल्यान."

गंगारामनी मोठ्या अक्षरांत सही केली. डॉक्टरांनी लॅपटॉप पुढे ओढला, नाव-वय भरलं आणि बोट बटणावर नेलं.

"थांबा. गाऱ्हाना नको घालूक?"

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. देवाला आधी सांगणं केल्याशिवाय कौल लावायचा नाही, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. पलंगाची दांडी धरून ते उठले आणि लॅपटॉपकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. जानकीही उठली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा लेकरू तुझ्या पायाकडे इला आसा."

"व्हय म्हाराजा," जानकी म्हणाली. सावित्रीच्या तोंडूनही ते आपसूक निघालं.

"ह्येच्या काळजाचे दोन नळये अर्धे बंद आसत. ते उघडूचे काय तशेच ठेवचे, माका म्हायत नाय, डॉक्टराक म्हायत नाय. जा बरा आसात, ता दाखव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

डॉक्टर खाली मान घालून उभे होते. गाऱ्हाणं त्यांना नवं नव्हतं. मालवणात शेजारच्या अंगणात, खळ्यात, लहानपणी कितीदा ऐकलेलं. पण त्यांच्या गळ्यात क्रूस होता आणि हॉस्पिटलात ते नेमकं, मोजकं मराठी बोलत. मालवणी उरली होती ती घरात, बापाशी बोलण्यापुरती. गेल्या वर्षापासून तीही बंद होती.

"आनी ह्या डॉक्टराच्या हातसून बापाशीच्या वक्ताक काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा."

या वेळी दोघीही बोलल्या नाहीत. गंगाराम हात जोडून थांबून राहिले.

"व्हय म्हाराजा," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं, पडद्यावर ओळ उमटली आणि ती वाचायला त्यांना चष्मा पुसावा लागला.

"फक्त गोळ्या."

"परत एकदा बघूया?" जानकीने हळूच विचारलं.

"कौल एकदाच लावतत गो," गंगाराम म्हणाले आणि दमून पलंगावर टेकले.

सावित्रीने फॉर्मचं शेवटचं पान काढलं. "काका, एक चौकोन ऱ्हवलो. तुमका काय समाजला, ता तुमच्याच शब्दांत सांगा."

"डॉक्टराक म्हायत नाय."

पेन हातात धरून तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"तसाच लिव गो," ते म्हणाले.