अर्धवट बटण आणि आत्याची शिंक

माझ्या भावाला, शिवूला, मुलगी बघायला मंगळवेढ्याला जायचं होतं. फोटो बघूनच तो पाघळला होता, त्यामुळे सकाळपासून घाई त्याचीच. सगळे चपला घालून दारात आलो आणि चन्नम्मा आत्या शिंकली. झालं! आमच्या घरात शिंक आली की निघणं रद्द. परत आत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, मग पहिल्यापासून निघायचं.

"बसा की! पानी प्यायल्याबिगर कुनी हलायचं न्हाय," आत्यानं फर्मान काढलं.

तेवढ्यात शिवूनं लॅपटॉप उघडला. नव्या कंपनीत त्याला कोड लिहायला काळ्या पडद्यावरचा, माऊसशिवाय नुसत्या बटणांवर चालणारा एडिटर मिळाला होता. एक ओळ कापायची म्हणून त्यानं सवयीनं कंट्रोल-एक्स दाबलं. ओळ जागेवरच, आणि पडद्याच्या तळाशी एक आडवी रेघ उमटली.

"अक्का, हे अर्धंच झालंय. हा आता पुढच्या बटणाची वाट बघतोय. चुकीचं दाबलं तर काल रात्रीचं सगळं काम जाईल. सेव्ह केलेलं न्हाय."

"मग रद्द कर आणि चल," मी म्हणाले.

"तेच तर येत न्हाय की!"

पोलिसांनी धरल्यासारखा शिवू दोन्ही हात वर करून बसला. असा राग आला मला! एवढा इंजिनियर झालेला घोडा, आणि एका बटणाला घाबरतोय. मी मोबाईलवर शोधलं तर पाच जणांची पाच उत्तरं. तिकडं आत्या फोन स्पीकरवर टाकून मुलीच्या घरी सांगत होती, "निघालोच होतो ओ, पन पोराचं बटन अर्ध्यात अडकलंय!"

पलीकडं हशा पिकला. मग मुलीचा, दाक्षायणीचा, आवाज आला; तीही असल्याच एडिटरवर काम करायची. काय दाबलं ते विचारून घेऊन म्हणाली, "त्यांना म्हणावं कंट्रोल-जी दाबा. अर्धवट दाबलेलं रद्द होतं. मग पहिल्यापासून करायचं."

शिवूनं डोळे मिटून दाबलं. रेघ गेली, काम जागच्या जागी.

"म्हंजी शिंकल्यावर बसतोय तसंच की," आत्या खूश झाली. "पोरगी आपल्या वळणाची हाय."

मंगळवेढ्यात दोघांना बोलायला सांगून आम्ही तिथंच कान टवकारून बसलो.

"तुम्हाला... म्हणजे मी... तुमचं..." शिवू अडकला.

आत्यानं लगेच पाण्याचा पेला पुढं सरकवला.

"कंट्रोल-जी," दाक्षायणी म्हणाली.

शिवू घोटभर पाणी प्यायला. "मी तुम्हाला पसंत आहे का?"

तिनं तोंड उघडलं आणि नेमकी आत्या शिंकली. शिवू पांढराच पडला.

दाक्षायणीनं त्याचाच पेला ओढून घेतला, उरलेलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "व्हय."