बाजेखालची शेगडी

बाळंतिणीला शेक हवा, हे शांतीबाईला कुणी शिकवायला नको होतं. देवरीकडच्या त्या गावात निम्म्या बाळंतिणी तिनेच शेकल्या होत्या. त्यात ही तर तिची स्वतःची सून नीतू, आणि पहिलीच नात. मग काय विचारता! खिडकीला गोधडी, दाराला पडदा आणि बाजेखाली रसरसती शेगडी. बाहेर मे महिना असा पेटला होता की कावळासुद्धा झाड सोडत नव्हता. पण शांतीबाईच्या लेखी उन्हाळा बाहेरच्यांसाठी असतो, बाळंतिणीसाठी नाही.

या हट्टाला कारण होतं. तिची पहिली लेक पौषाच्या थंडीत काकडून गेली होती, तिच्या कुशीतच. तेव्हापासून लेकराचं अंग हाताला उबदार लागलं की तिचा जीव भांड्यात पडे.

म्हणून त्या दुपारी नातीचं अंग तापलं, तेव्हा तिने शेगडीत आणखी निखारे घातले. कुठूनतरी वारं लागलं असणार, असा तिचा अंदाज. पण पोर दूध ओढेना, रडेही ना.

तेवढ्यात उपकेंद्राची नर्स रंजिता बाळंतिणीला बघायला आली. दारातच तिच्या तोंडावर झळ आली.

"मावशी, काय करून राहिल्या हे? लेकरू भाजून राहिलं न!"

"थंडी भरली तिले," शांतीबाई म्हणाली.

"कायची थंडी? आता रातीले बी गारवा राहत नाही. तुमच्या वेळचा उन्हाळा गेला, मावशी. उचला तिले, चला."

नीतूच्या नवऱ्याने, भूपेंद्रने, ऑटो आणला. गावातली लाइन सकाळीच गेली होती. उपकेंद्रात मात्र पंखा फिरत होता, तोही उन्हाच्याच जोरावर. रंजिताने सरपंचाच्या मागे लागून छतावर सौर पॅनेल बसवून घेतली होती आणि खोली तापू नये म्हणून उरलेल्या छताला पांढरा चुना फासला होता. तेव्हा "दवाखान्याचं लगन आहे का?" म्हणून शांतीबाईनेच तिची टर उडवली होती. आता त्या खोलीत पाऊल टाकताच तिच्या पाठीवरचा घाम निवला.

रंजिताने पोरीचे कपडे काढले, साध्या पाण्याच्या फडक्याने अंग पुसलं, डॉक्टरांना फोन लावला. "ताप उतरला नाही, दूध घेतलं नाही, तर देवरीले न्या लागन. गाडी सांगून ठेवली."

शांतीबाई भिंतीला टेकून उभी राहिली. देवाचं नावही सुचेना. एक लेक थंडीने नेली आणि ही आपल्याच हाताने निखाऱ्यावर ठेवली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

बऱ्याच वेळाने पंख्याच्या घरघरीत चुटचुट ऐकू आली. पोर दूध पीत होती. नीतू रडतही होती, हसतही होती. रंजिताने पुन्हा थर्मामीटर लावलं, निरखून पाहिलं आणि गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं.

"आई, घ्या न हिले," नीतू म्हणाली.

शांतीबाईने हात मागे घेतले. "नोको. म्याच केलं न हे."

"तुमीच केलं," नीतू सरळ म्हणाली. "मी बी उकडून मरत होती, पर बोलली नाही. तुमी रातभर जागत होत्या, कोन्या तोंडानं बोलू?"

शांतीबाई व्हरांड्यातल्या माठाशी गेली, हातांवर पाणी घेत राहिली, बोटं पार निवेपर्यंत. मग पदराला हात पुसून आत आली आणि तिने नातीला घेतलं.