आप्पांनी पुसलेलं

दोधू आप्पांचा मोबाइल त्यांच्याबरोबर जळाला, हे सगळ्या गावाने तापीच्या काठावर उभं राहून पाहिलं होतं. माणसाच्या जिवाभावाची वस्तू त्याच्यासोबत द्यायची तिथे रीत आहे. कोणाची तंबाखूची डबी जाते, कोणाची काठी. आप्पांच्या बाबतीत कोणाला विचार करावा लागला नाही. शहादा डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘गावगप्पा’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि एसटीची शिस्त तिथे लावली. कोणीही चढावं, सरपंचाची सालटी काढावीत, आमदाराला नावं ठेवावीत. फक्त आयाबहिणी किंवा जातधर्म निघाला की आप्पा मेसेज पुसत, आणि का पुसला ते खाली लिहीत. “भांडा, पन गाडीमाईन उतरू नका,” एवढंच त्यांचं सांगणं असे. म्हणून त्यांच्या मुलाने, भाग्येशने, आईकडे फोन मागितला आणि कव्हरसकट वडलांच्या छातीवर ठेवला.

बेबीबाईने त्या कव्हरात जुना, बंद पडलेला फोन घालून दिला होता. बॅटरी फुटेल म्हणून तेवढी आधीच काढून घेतली होती.

खरा फोन तिच्या गोधडीखाली होता. त्यात आप्पांचा आवाज होता. बसस्टँडवरून सुनेच्या फोनवर पाठवलेलं, आता फक्त इथेच उरलेलं एक वाक्य, “बेबी, चहा टाक, मी यी ऱ्हायनू.” बस, एवढंच. नवरा जाळायला दिला, आवाजही जाळायला द्यायचा तिच्या जिवावर आलं, आणि ते कोणाला सांगायचीही तिला लाज वाटली.

भाग्येशचं सुतक तेराव्याला सुटलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो सरपंचपदाच्या प्रचाराला लागला. बाईचं सुतक तसं सुटत नाही. सव्वा महिना आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसायचं, उंबरा ओलांडायचा नाही, कोणाच्या सकाळच्या वाटेत यायचं नाही. भिंतीकडे बघून बघून किती बघणार? बेबीबाई ग्रुप वाचू लागली.

वाचून तिचं डोकंच फिरलं. आप्पा गेले आणि लोकांना रान मोकळं झालं होतं. भाग्येश दुसरा अ‍ॅडमिन होता, पण मतं जातील म्हणून तो कोणाला हटकत नव्हता. निवडणुकीच्या तोंडावर पारावरच्या करणसिंगने मोमीन गल्लीतल्या बायांची नावं घेऊन असं काही लिहिलं होतं, की ते वाचताना तिने दाराकडे पाहिलं, कोणी येत तर नाही ना. त्या नावांत सुरैय्याचं नाव होतं. सुरैय्या म्हणजे मागच्या भिंतीपलीकडची शेजारीण. दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात नांदायला आल्या, एकीच्या खाटेवर दुसरीचे पापड वाळले. बेबीबाईने त्या मेसेजवर अंगठा दाबून धरला, आप्पा करत तसाच, आणि मेसेज गेला. त्या जागी ओळ उमटली : हा मेसेज अ‍ॅडमिन दोधू आप्पा यांनी डिलीट केला आहे.

ग्रुपवर कोणीतरी विचारलं, “आप्पा???” आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली. पोरंसोरं म्हणाली, हॅकिंग आहे. म्हातारे म्हणाले, तुमच्या हॅकिंगला काय करणसिंगचंच तोंड दिसलं? संध्याकाळी भाग्येश घरी आला तो पांढराफटक पडून. फोटोला नवा हार घालताना तो बायकोला म्हणाला, “मी सोता ठेवा व्हता वं तो फोन छातीवर!” कोपऱ्यात बेबीबाईने पदर तोंडाला लावला. तिला हसू येत होतं, आणि त्या हसण्याची भीतीही वाटत होती.

नंतर तिने आणखी काही मेसेज पुसले. शिव्या पुसल्या, एक खोटा व्हिडिओ पुसला. गाव भीतीने का होईना, सुधारलं. लिहिण्याआधी माणसं दोनदा विचार करू लागली. खोटं कशाला सांगावं, बेबीबाईला त्याची चव लागली. जिने जन्मात कधी ग्रामसभेत तोंड उघडलं नव्हतं, तिच्या अंगठ्याला आता गाव भीत होतं. आप्पा खाली कारण लिहीत, तेवढं मात्र ती लिहीत नसे. कारण लिहायला घेतलं असतं तर ते आप्पांचं नव्हे, आपलं बोलणं झालं असतं.

आणि मग सुरैय्याचा मेसेज आला.

“आमच्या गल्लीत नळ बसले, पण जमिनीत पाइपच नाही. तोट्या नुसत्या भिंतीला ठोकल्या आहेत. काम भाग्येशभाऊंनी घेतलं होतं. खोटं वाटत असेल तर खोदून बघा.”

ते खरं होतं, आणि बेबीबाईला ते माहीत होतं. आप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी ओट्यावर बापलेकांची जुंपली होती. “पाइप नही त तोट्या कसाले ठोक्यात रे? लेकरं तोटीले तोंड लाई ऱ्हायनात!” आप्पा ओरडत होते. “सकाय व्हऊ दे, मीच लिखस ग्रुपवर. मन्हा पोऱ्या शे म्हनीसन सोडाव नही.” सकाळी ते उठलेच नाहीत.

बेबीबाईने सुरैय्याचा मेसेज पुसला. आई होती ती. मुलगा उभा होता, मतदान दहा दिवसांवर आलं होतं, आणि अंगठ्याला सवय लागली होती.

त्यानंतर जे झालं ते तिने भिंतीच्या या बाजूने ऐकलं. सुरैय्या ब्लाउज शिवायची. बायांनी दिलेले कपडे न शिवताच परत नेले. हापशावर तिचा हंडा रांगेतून मागे ढकलला गेला. “आप्पासनी मरीसन तुले खोटी ठराई, आते आखो काय पाहिजे?” असं रांगेतली पार्वतीबाई मोठ्याने म्हणाली. भाग्येशने तर सभेत सांगितलं की माझ्या वडलांनी वरून न्याय केला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुरैय्याच्या शिलाई मशीनचा आवाज बंद झाला.

आतली खोली वेगळी वाटू लागली ती तेव्हापासून. दुपारी बेबीबाईने फोन कानाशी धरला की “बेबी, चहा टाक” यायचं, आणि पुढची शांतता लांबत जायची. तिला वाटे, आप्पा पुढचं बोलायला थांबले आहेत आणि त्यांना बोलता येत नाही. जिवंतपणी रागावले की ते पाठ करून बसत. आता खाटेच्या कडेला गादी दबलेली दिसे, आणि ती पाठच आहे हे तिला विचारायची गरज नव्हती. “इकडे दखा ना,” ती म्हणे. कोणी वळत नसे. जे सकाळी लिहायचं म्हणून ते त्या रात्री झोपले, ते तिने त्यांच्याच नावाने पुसलं होतं. नवऱ्याचं भूत तिने तयार केलं होतं, आणि त्या भुताला नवऱ्याच्या उलट बोलायला लावलं होतं.

एका दुपारी भिंतीपलीकडे हंडा आपटल्याचा आवाज झाला आणि सुरैय्या रडली. मोठ्याने नाही, पण बेबीबाईला ते रडणं पापड लाटायच्या दिवसांपासून ओळखीचं होतं. तिने फोन काढला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं.

“मी बेबी. आप्पा नहीत. मीच पुसत व्हतू. सुरैय्या खरं बोलनी. आप्पा बी हाईच म्हनेत.”

मेसेज गेला. ती पाहत असतानाच तो नाहीसा झाला. हा मेसेज अ‍ॅडमिन भाग्येश यांनी डिलीट केला आहे.

लगेच विचारणा सुरू झाली : आप्पा काय बोलले? भाऊ, आप्पांचं का पुसलं? थोड्या वेळाने भाग्येशचं उत्तर आलं. आप्पांनी मला आशीर्वाद दिला, घरचं होतं म्हणून काढलं. खाली पुन्हा हात जोडलेल्यांची रांग.

तो धावतच घरी आला. आईच्या हातात तो फोन बघून क्षणभर लहान मुलासारखा उभा राहिला, आणि त्याचे डोळे भरले. त्यालाही वाटलं होतं की बाप खरंच आपल्या बाजूने आहे. मग त्याने हात पुढे केला. “दे माय. मत पडू दे, मंग मी सोता लाइन टाकी दिसू. तुन्ही शपथ.” तिने फोन दिला. आवाजही गेला त्याच्याबरोबर.

भाग्येश वळला, आणि बेबीबाई उठली. कोपऱ्यातून, खोलीतून, ओट्यावरून, भरदुपारी, सव्वा महिना व्हायच्या आत. गल्लीत दोन दारं खाडकन लागली. ती मागच्या गल्लीत सुरैय्याच्या भिंतीपाशी गेली. कोरडी तोटी तिथे ऊन खात होती. तिने ती धरून हलवली, आणि उभ्या आयुष्यात काढला नव्हता असा आवाज काढला.

“याना खाल पाइप नही! सुरैय्या खोटी नही! मन्हा पोऱ्यानी चोरी करी, आणि मी झाकी!”

हापशावरच्या बाया धावत आल्या. पारावरची माणसं आली. केस सुटलेली, कपाळ मोकळं असलेली ती बाई, थरथर कापणारी. करणसिंग सगळ्यांत पुढे होता. त्याने एकदम चपला काढल्या.

“आप्पा!” तो म्हणाला. “आप्पा अंगमा ऊनात!” आप्पा अंगात आले, ही कुजबुज गल्लीभर झाली.

“मी बेबी शे,” ती म्हणाली.

“आप्पा, चुकनू, माफ करा,” करणसिंग तिच्या पायावर वाकला. पार्वतीबाईने कोणाच्या तरी घरातून हळदकुंकू आणायला सांगितलं.

“अरे, मी बेबी शे! मी बोली ऱ्हायनू!”

“आप्पाच बोली ऱ्हायनात,” म्हातारे एकमेकांना म्हणाले. “दखा, कशी कडक बोली शे.”

फावडी आली. गल्लीच्या तोंडाशी भाग्येश आला होता, पण फोनचं खरं माहीत असूनही बापासमोर यायची त्याची हिंमत झाली नाही. तोटीखाली खोदलं. माती, दगड, पुन्हा माती. पाइप कुठेच नव्हता. माणसं खड्ड्यात बघत राहिली आणि मग एकेक करून हात जोडू लागली. म्हणाली, आप्पांनी दाखवलं, मेल्यावरही माणूस खोटं सहन करत नाही. कोणी तिला विचारलं, आप्पा, मत कोणाला द्यायचं तेही सांगून टाका. बेबीबाईने पदर डोक्यावर ओढला. आपलं म्हणून आता काहीही बोललं तरी ते आपलं राहणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

गर्दीतून वाट काढत सुरैय्या तिच्याजवळ आली. तिने बेबीबाईचा दंड धरला.

“मन्हं नाव बेबी शे,” बेबीबाई पुटपुटली.

“मले माहीत शे,” सुरैय्या म्हणाली. “पहिला दिनपाईन माहीत शे. रडू नको. चाल घरमा.”